लिफ्टर उडत नाही, नुसताच कडकडतो

"परवा मस्त उडाला होता, आज नुसता कट्-कट् करून बसतो." लिफ्टर करणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी म्हणावं लागतं, आणि बहुतेकांना दर चार-आठ दिवसांनी. सांगाडा तोच, पॉवर सप्लाय तोच, खोली तीच. तरी परवा दोऱ्या ताणून हवेत उभा राहिलेला त्रिकोण आज टेबल सोडायला तयार नसतो.

वस्तू कोणती ते आधी स्पष्ट करतो. लिफ्टर म्हणजे पंखा-बिंखा काही नसताना नुसत्या हाय व्होल्टेजवर हवेत उचलला जाणारा हलका सांगाडा. बाल्सा या अगदी हलक्या लाकडाच्या काड्यांचा, 20 सेंटिमीटर बाजूचा त्रिकोण. खालच्या अंगाला ॲल्युमिनियम फॉइलची उभी पट्टी. फॉइलच्या वरच्या काठापासून 3 सेंटिमीटरवर ताणलेली 0.1 मिलिमीटरची उघडी तार. दोन्हींच्या मध्ये 25 ते 30 किलोव्होल्ट डीसी, बहुधा जुन्या, पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरमधल्या फ्लायबॅकमधून, म्हणजे हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेलं. सगळ्याचं वजन तीनेक ग्रॅम. याला अँटिग्रॅव्हिटी, म्हणजे गुरुत्वाकर्षणावर मात करणारा जोर, म्हणणारे आहेत. त्यांच्याकडे शेवटी वळतो, कारण त्या समजुतीपायीही बरेच जण भलतीकडे दोष शोधत बसतात.

पहिला संशय व्होल्टेजवर जातो. माझाही गेला. तीन आठवडे मी फक्त ड्रायव्हर, म्हणजे फ्लायबॅक चालवणारं सर्किट, बदलत होतो: मॉस्फेट बदलला, हीटसिंक वाढवला, फ्लायबॅकही दुसरा लावला. व्होल्टेज वाढलं आणि त्याबरोबर ठिणग्याही वाढल्या. एकदा काम चालू असताना खोलीतला दिवा अचानक गेला, तेव्हा दिसलं. तारेभोवती जांभळी झाक होतीच, पण फॉइलच्या वरच्या काठावर, एका कोपऱ्यात, टाचणीच्या डोक्याएवढा जांभळा ठिपका चमकत होता. कात्रीने कापताना राहिलेली कूस, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा फॉइलचा दाता. तो बोटाने नव्हे, चमच्याच्या पाठीने घासून गुळगुळीत केला. जुन्याच ड्रायव्हरवर त्रिकोण उचलला गेला.

तेव्हापासून माझा एकच आग्रह आहे. लिफ्टर बिघडला की पॉवर सप्लायला हात लावायच्या आधी दिवा मालवा आणि अंधारात बघा.

त्याआधी हे वाचा

फ्लायबॅकचा प्रवाह मिलिअँपिअरमध्येच असतो म्हणून निर्धास्त राहू नका. एवढाही प्रवाह छातीतून गेला तर जीवावर बेततो. शिवाय व्होल्टेज मल्टिप्लायर (व्होल्टेज आणखी चढवणारं सर्किट) असेल तर त्यातले कपॅसिटर सप्लाय बंद केल्यावरही भरलेले राहतात. लाकडी किंवा प्लास्टिकच्या लांब काठीच्या टोकाला तार बांधून ती अर्थला जोडून ठेवा, आणि प्रत्येक वेळी सप्लाय बंद करून त्या काठीची तार सप्लायच्या दोन्ही टोकांना टेकवल्याशिवाय हात पुढे करू नका. एक हात खिशात. खोलीत दुसरं माणूस हवं आणि स्विच कुठे आहे ते त्याला माहीत हवं. पेसमेकर असलेल्या माणसाने यापासून लांबच राहावं. अंधारात बघायचं म्हणजे लांबून बघायचं. वस्तूला हात लावायचा तो दिवा लागल्यावर आणि काठी टेकवल्यावर. खिडकी उघडी असू द्या, कारण ओझोन होतो आणि त्याने घसा खवखवतो.

आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरचं नावही काढू नका. तो दोन-अडीच किलोव्होल्टच्या आसपास देतो, म्हणजे लिफ्टरच्या कामाचाच नाही. पण प्रवाह इतका देतो की चुकीला दुसरी संधी मिळत नाही.

अंधारात काय दिसायला हवं

डोळे अंधाराला सरावायला पाचेक मिनिटं द्या. मग व्होल्टेज हळूहळू चढवा.

तार पॉझिटिव्ह असेल तर तिच्या संपूर्ण लांबीवर पातळ, एकसारखं निळसर-जांभळं कवच दिसतं. निगेटिव्ह असेल तर मण्यांच्या माळेसारखे सुटे सुटे ठिपके दिसतात. त्यांना पाहून घाबरू नका, निगेटिव्ह कोरोना (तारेभोवतीच्या या जांभळ्या झाकेलाच कोरोना म्हणतात) तसाच असतो. जोराची दिशा दोन्हीत एकच, तारेकडे. मी तार पॉझिटिव्ह ठेवतो, कारण निगेटिव्ह कोरोनात ओझोन बराच जास्त होतो. आवाज कुकरची वाफ बारीक सुटावी तसा, सलग सूंऽऽ असा हवा. मध्येच चरचर, तडतड आली की कुठेतरी गडबड आहे.

आता नजर तारेवरून काढून फॉइलवर न्या. फॉइल पूर्ण काळोखात हवं. तिथे कुठेही प्रकाश दिसला, मग तो काठावर असो, कोपऱ्यात असो की तार जोडलेल्या जागी, तर तोच तुमचा चोर.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. तारेजवळ हवेचे रेणू फुटून आयन होतात. ते फॉइलकडे ओढले जातात आणि वाटेत कोट्यवधी साध्या रेणूंना धडकत जातात. ती हवा खाली ढकलली जाते आणि त्रिकोण वर. हिशेबही सोपा आहे: प्रवाह गुणिले तार-फॉइलमधलं अंतर, भागिले आयनांची चलता, म्हणजे विद्युतक्षेत्रात ते किती सहज सरकतात ते. हवेत ही चलता साधारण 0.0002 चौरस मीटर प्रति व्होल्ट-सेकंद. अर्धा मिलिअँपिअर प्रवाह आणि 3 सेंटिमीटर अंतर घेतलं की 0.075 न्यूटन येतात, म्हणजे साडेसात ग्रॅम उचलण्याइतका जोर. हा कमाल आकडा झाला, प्रत्यक्षात कमीच मिळतो. तरी तीन ग्रॅमच्या त्रिकोणाला पुरतो.

फॉइलचा दाता स्वतःच कोरोना सोडायला लागला की तिथून उलट जातीचे आयन तारेकडे निघतात. ते हवेला वर ढकलतात आणि तारेकडून येणाऱ्या आयनांना वाटेतच निकामी करतात. मीटरवर दोन्हींचा प्रवाह एकाच दिशेने मोजला जातो, म्हणून आकडा वाढतो, पण जोर वजा होतो. "प्रवाह भरपूर, उचल शून्य" या लक्षणाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. आणि व्होल्टेज वाढवणं हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय, कारण दाता आणखी पेटतो आणि शेवटी तिथूनच ठिणगीचा पूल बांधला जातो.

फॉइलचा काठ

वरचा काठ कधीही कापलेला ठेवू नका. पट्टी आडव्या काडीवरून दुमडून दुसऱ्या बाजूला आणा, म्हणजे तारेसमोर कापलेली कड न येता गोल पाठ येईल. काडी चौकोनी असेल तर आधी बारीक पॉलिश पेपरने तिच्या कडा गोल करा. गोलाई जितकी मोठी तितकं चांगलं. वजन परवडत असेल तर मी काडीऐवजी बारीक स्ट्रॉ वापरतो. एमआयटीतल्या स्टीव्हन बॅरेट यांच्या गटाने 2018 मध्ये 5 मीटर पंखांचं, 2.45 किलोचं विमान आपली बॅटरी घेऊन 40 किलोव्होल्टवर आयनांच्या वाऱ्याने बंदिस्त जागेत उडवलं. त्यातही पुढे बारीक तारा होत्या आणि मागे, आपल्या फॉइलच्या जागी, पंखाच्या छेदासारखे गोलसर पुढच्या काठाचे कलेक्टर. आपल्या त्रिकोणाचीही मेख तीच.

कोपरे जास्त त्रास देतात. तीन पट्ट्या जिथे भेटतात तिथे फॉइलची टोकं उभी राहतात आणि नेमकी तिथेच तार कोपऱ्याच्या काडीला गुंडाळलेली असते. मी कोपऱ्यांवर फॉइलचा वरचा काठ अर्धा सेंटिमीटर खाली उतरवतो. थोडी उचल जाते, पण डोकेदुखीही जाते.

फॉइलला सुरकुत्या असतील तर त्या खालच्या भागात चालतील. वरच्या एक सेंटिमीटरात एकही नको.

काडीवरची काळी रेघ

ठिणगी एकदा काडीच्या अंगाने गेली की लाकूड जळून तिथे कोळशाची बारीक रेघ उमटते. कोळसा वीज वाहून नेतो. पुढच्या वेळी ठिणगीला रस्ता शोधावाच लागत नाही. खरवडून उपयोग होत नाही, मी बऱ्याचदा करून पाहिलंय, काडी बदला.

याची अदृश्य आवृत्तीही असते: ओल. बाल्सा हवेतला दमटपणा शोषतो आणि तार-फॉइलच्या मधल्या उभ्या काडीतून वीज गळायला लागते. ओळखायची युक्ती अशी. 0.1 मिलिमीटरच्या तारेला 3 सेंटिमीटरवर कोरोना सुटायला साधारण 5-6 किलोव्होल्ट लागतात. म्हणून व्होल्टेज 3 किलोव्होल्टवरच थांबवा आणि प्रवाह बघा. तो शून्य असायला हवा. काही मायक्रोअँपिअर दिसले तर ते हवेतून नाही, काडीतून जातायत. केस वाळवायच्या ड्रायरने सांगाडा सुकवा, पातळ व्हार्निशचा एक हात द्या. वजन वाढेल म्हणून कंजुषी कराल तर दर दमट दिवशी हीच कटकट.

परवा उडाला, आज का नाही

आता मूळ तक्रार. बारीक तार, समोर मोठा पत्रा, मध्ये हाय व्होल्टेज: कारखान्याच्या धुराड्यातून राख पकडायला हीच मांडणी वापरतात. म्हणजे तुमचा लिफ्टर उडत असताना खोलीतली धूळही गोळा करत असतो. दहा मिनिटं उडवून ठेवून दिलेल्या तारेवरून भिंग फिरवा: कापसाचे तंतू, केस, धुळीचे कण अगदी दाढीच्या खुंटांसारखे उभे असतात. असा प्रत्येक तंतू म्हणजे फॉइलच्या दिशेने पुढे काढलेली सुई. फॉइलवर बसलेला तंतू तर आणखी वाईट, तो मघाच्या दात्याचंच काम करतो.

तांब्याची तार असेल तर दुसरीही गोष्ट घडते. कोरोनात ओझोनबरोबर नायट्रोजनची ऑक्साइडंही तयार होतात आणि दमट हवेत त्यांचं आम्ल होतं. तार काळपट-हिरवट पडते, खडबडीत होते, आणि एक दिवस ताण न सोसून तुटते. मी तांबं सोडून बारीक स्टेनलेस तार लावतो. ताणायला जरा हट्टी आहे, पण टिकते. तांबंच वापरायचं असेल तर मोटरच्या वाइंडिंगमधून काढलेल्या तारेवर इनॅमल, म्हणजे वीज न वाहणारा लेप, असतं हे विसरू नका. ते पूर्ण खरवडलं नाही तर कोरोना फक्त तुटक जागी सुटतो.

प्रत्येक उड्डाणाआधी कापसाचा नव्हे, तंतू न सोडणाऱ्या कापडाचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून तार आणि फॉइलचा काठ पुसा. सप्लाय सुटलेला, काठी टेकवलेली, आणि अल्कोहोल पूर्ण उडून गेल्याशिवाय चालू करायचं नाही, नाहीतर पहिल्याच ठिणगीला ते पेट घेईल. मधल्या काळात लिफ्टर झाकणाच्या खोक्यात ठेवा. एवढ्यानेच अर्ध्याहून अधिक "परवा उडाला" बरे होतात, असा माझा अनुभव.

अंतर आणि तार

किलोव्होल्टला एक मिलिमीटर, हा सुरुवातीचा अंदाज ठीक आहे. म्हणजे 30 किलोव्होल्टला 3 सेंटिमीटर. पुस्तकात हवा सेंटिमीटरला 30 किलोव्होल्ट सहन करते असं लिहिलेलं असतं, ते वाचून अंतर एक सेंटिमीटर करणारे भेटतात. तो आकडा दोन सपाट, समांतर पत्र्यांसाठी आहे. तार आणि काठ यांच्यात विद्युतक्षेत्र एकसारखं नसतं, म्हणून ठिणगी फार आधी पडते.

ठिणग्या थांबत नसतील तर अंतर दोन-तीन मिलिमीटरने वाढवून बघा, पण फार वाढवू नका. त्याच व्होल्टेजला अंतर दुप्पट केलं तर प्रवाह ढोबळमानाने चौथाईवर येतो. तीनही बाजूंचं अंतर एक असणं मात्र त्याहून महत्त्वाचं. एका बाजूला 28 मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला 32 असेल, तर एक कोपरा आधी उठतो, त्रिकोण कलतो, आणि कललेला त्रिकोण दोऱ्यांना ओढत बाजूला पळतो. फूटपट्टीने मोजू नका. पुठ्ठ्याचा 30 मिलिमीटरचा तुकडा कापून प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी सरकवून बघा.

जाड तार हा नवशिक्यांचा आवडता घोटाळा. 0.3 मिलिमीटरची तार हाताळायला सोपी, पण कोरोना सुटायलाच 9 किलोव्होल्टच्या आसपास लागतात. तेवढं व्होल्टेज फुकट गेलं.

सप्लायकडे आता बघा

हे सगळं स्वच्छ असूनही उचल नसेल तरच. बिनलोडचं व्होल्टेज मोजून "माझ्याकडे 30 आहेत" म्हणण्याला अर्थ नाही. लिफ्टर जोडल्यावर तेच 18 वर येऊन बसतं. लोडवर मोजा.

साधा मल्टिमीटर थेट लावला तर तो मरेल आणि कदाचित तुम्हीही. 10 मेगाओहमचे 100 रेझिस्टर एका ओळीत जोडा, प्लास्टिकच्या नळीत घाला आणि खालच्या टोकाला 1 मेगाओहम लावून त्यावर मीटर ठेवा. पाव वॅटचा एक रेझिस्टर साधारण 250 व्होल्ट झेपवतो, म्हणजे ही माळ 25 किलोव्होल्टपर्यंतच. 30 मोजायचे असतील तर 120 जोडा आणि हिशेब त्याप्रमाणे बदला. यात एक सापळा आहे. मीटरचा स्वतःचा रोध बहुधा 10 मेगाओहम असतो आणि तो खालच्या 1 मेगाओहमला समांतर येतो. त्यामुळे 100 च्या माळेवर 25 किलोव्होल्टला मीटर 25 नव्हे, 22.7 व्होल्ट दाखवेल. हे माहीत नसल्यामुळे मी महिनाभर सप्लायला उगाच कमी लेखत होतो.

प्रवाहासाठी फॉइलकडून परत येणाऱ्या, अर्थच्या बाजूच्या वायरमध्ये 10 किलोओहम घाला आणि त्यावरचं व्होल्टेज वाचा. 5 व्होल्ट म्हणजे अर्धा मिलिअँपिअर. ठिणगीच्या झटक्याने मीटर जळू नये म्हणून रेझिस्टरला समांतर छोटा निऑन दिवा जोडा. तो लुकलुकला की ठिणगी पडली, हेही आपोआप कळतं.

फ्लायबॅकचं उच्च टोक सगळ्यांना सापडतं. परतीची पिन चुकते. चुकीच्या पिनला फॉइल जोडलं तर आतल्या आत ठिणग्या पडून फ्लायबॅक कायमचा जातो. काठीला बांधलेलं उच्च टोक प्रत्येक पिनजवळ नेऊन बघा. सर्वांत लांब, जोरकस ठिणगी जिथे पडेल ती परतीची पिन. निऑन साइनच्या ट्रान्सफॉर्मरवर लिफ्टर चालवू पाहणाऱ्यांना एवढंच सांगतो की तो एसी देतो. सूं आवाज येईल, जांभळी झाकही येईल, पण उचल डीसीइतकी येणार नाही.

वायरींमधूनही गळती होते. घरगुती वायरचं आवरण 30 किलोव्होल्टसाठी नसतं. अंधारात ती टेबलाला टेकते तिथे जांभळी दिसेल. शेवटची अर्धा मीटर वायर हलकी हवी म्हणून तीच बारीक उघडी तार वापरावी लागते, तर ती हवेतच लोंबती ठेवा, कशाच्याही जवळ नको.

उडाला, पण खरंच उडाला का?

हीदेखील वारंवार येणारी तक्रारच आहे, फक्त उलटी. जोर नसताना "वजन कमी झालं" असं दिसतं. इलेक्ट्रॉनिक काटा हाय व्होल्टेजजवळ काहीही आकडे दाखवतो. त्यावर विसंबू नका. ताठ वायर सरळ होऊ बघते आणि त्रिकोणाला उचलते. भारित त्रिकोण भिंतीकडे, तुमच्या हाताकडे, वरच्या कपाटाकडे ओढला जातो. तिन्ही गोष्टी मी विजय समजून साजऱ्या केल्या आहेत.

अमेरिकन संशोधक टॉमस टाउनसेंड ब्राउन यांनी 1928 मध्ये अशा जोराचं ब्रिटिश पेटंट घेतलं आणि त्याचा गुरुत्वाकर्षणाशी संबंध आहे असं ते मानत राहिले. 1964 मध्ये अलेक्झांडर डी सेव्हर्स्की यांना आयनोक्राफ्टचं, म्हणजे अशाच उडत्या यंत्राचं, अमेरिकन पेटंट मिळालं, त्यात मात्र सरळ आयन आणि हवा होती. वाद घालण्यापेक्षा त्रिकोण आडवा टांगा: तो तार असलेल्या बाजूला झुलतो. उलटा टांगा: खाली दाबतो. खाली टिश्यूपेपरची पट्टी धरा (लांब प्लास्टिकच्या काडीने): ती वाऱ्याने फडफडते. जोर तारेच्या दिशेने जातो, जमिनीशी त्याला काही देणंघेणं नाही.

माझ्या एका मित्राला हे पटेना. गुरुत्वाकर्षणच कमी होत असेल तर बंद डबाही हलका व्हायला हवा. म्हणून आम्ही हलक्या प्लास्टिकच्या डब्यात लिफ्टर दोऱ्यांनी बांधला, झाकण लावलं आणि तो डबा लाकडी दांडीच्या तराजूवर ठेवला. सप्लाय चालू केला. लिफ्टर डब्यात उचलला, दोऱ्या ताठ झाल्या. दांडी जागची हलली नाही.

"अरे, डबा कुठून तरी गळतोय," तो म्हणाला. सध्या तो झाकणाच्या फटींना टेप लावत बसलाय.